बदकशेपटीचे झाकण : पोर्शे ९११ कारेरा आरएस २.७ या गाडीचा प्रकरण अभ्यास

गाडीच्या मागच्या झाकणाला आपण सरसकट डिकी म्हणतो. पोर्शे या जर्मन कंपनीच्या जुन्या ९११ च्या बाबतीत मात्र ही सवय फसवते, कारण या गाडीत सामानाची जागा पुढे, बॉनेटखाली असते आणि मागचे झाकण उचलले की दिसते ते हवेने थंड होणारे सहा सिलिंडरचे इंजिन. या लेखात ज्या फेरफाराचा अभ्यास केला आहे तो याच मागच्या झाकणावरचा आहे. १९७२ साली पोर्शेच्या अभियंत्यांनी ९११ च्या कारेरा आरएस २.७ या आवृत्तीसाठी या झाकणाच्या खालच्या टोकाला पाण्यावर बसलेल्या बदकाच्या शेपटीसारखा वर वळलेला काठ दिला. जर्मन लोक त्याला ‘एन्टेनब्युर्झेल’ म्हणतात, इंग्रजी जाणणारे ‘डकटेल’ म्हणतात. आपण त्याला बदकशेपटी म्हणू. जुन्या स्पोर्ट्स कारच्या डिकीवर किंवा मागच्या झाकणावर काही वेगळे करून घेऊ पाहणाऱ्या अनेक हौशी मालकांच्या आणि कारागिरांच्या डोळ्यांपुढे हेच झाकण असते. त्याचा आकार सर्वांच्या ओळखीचा आहे, पण तो आकार कोणत्या दुखण्यावरचा उपाय होता आणि त्या उपायाबरोबर गाडीत आणखी काय काय बदलले होते, याकडे सहसा दुर्लक्ष होते. माझ्या मते या प्रकरणातली खरी शिकण्याजोगी गोष्ट तीच आहे.

मूळ दुखणे

९११ पहिल्यांदा लोकांसमोर आली ती सप्टेंबर १९६३ मध्ये, फ्रँकफुर्टच्या मोटार प्रदर्शनात. तिचे इंजिन मागच्या चाकांच्या आसाच्याही मागे टांगलेले होते. या रचनेचा फायदा असा की इंजिनाचे वजन थेट चालक चाकांवर येते आणि गाडी जागेवरून जोरात सुटते. तोटा कळतो तो वेगात घेतलेल्या वळणावर. चालकाने वळणाच्या मध्यावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की वजन पुढच्या चाकांकडे सरकते, मागची चाके हलकी होतात आणि मागे टांगलेले ते जड इंजिन एखाद्या लंबकासारखे बाहेर झुकून गाडीची शेपूट ओढून नेते. सुरुवातीच्या काही वर्षांत कंपनीने यावर वजनाच्या अंगाने उपाय केले. पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांमागे प्रत्येकी सुमारे ११ किलोची वजने बसवून पाहिली आणि १९६९ च्या मॉडेलपासून मागची चाके ५७ मिलिमीटर मागे सरकवून पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २२११ वरून २२६८ मिलिमीटर केले. बंपरमागची वजने हा उपाय जरा केविलवाणाच म्हणायचा. हलकेपणासाठी नावाजलेल्या गाडीच्या नाकात लोखंड भरावे लागावे, ही अभियंत्यांच्याही मनाला लागणारी गोष्ट असणार.

वजनाचा प्रश्न असा बराचसा आटोक्यात आला, तरी हवेचा प्रश्न तसाच राहिला होता. ९११ चे छत पुढच्या काचेच्या वरून सुरू होऊन मागच्या बंपरपर्यंत एकाच लयीत उतरत जाते. डोळ्याला ही रेषा अतिशय देखणी वाटते, पण हवेच्या दृष्टीने तो विमानाच्या पंखाचा वरचा भाग आहे. बाकदार पृष्ठभागावरून जाताना हवेचा वेग वाढतो, वेग वाढला की तिचा दाब घटतो आणि तो उतार हवेला अखेरपर्यंत चिकटवून ठेवत असल्यामुळे कमी दाबाचा हा पट्टा थेट मागच्या चाकांच्या डोक्यावर येतो. परिणामी गाडीची मागची बाजू वर खेचली जाते. या खेचण्याला मराठीत ‘उचल’ हा शब्द चांगला बसतो, आणि त्याचा दुसरा अर्थही इथे चपखल आहे, कारण सरळ रस्त्यावर वेगाच्या जोरावर घेतलेली ही उचल वळणावर व्याजासह फेडावी लागत असे. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते, आणि म्हणूनच शहरात अगदी शहाण्यासारखी वागणारी गाडी ताशी २०० किलोमीटरच्या पुढे मागून तरंगू लागते.

बदलाची वेळ आणि नियमांची चौकट

१९७१ च्या हंगामानंतर जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींत इंजिनाची मर्यादा तीन लिटरवर आली आणि पोर्शेची ९१७ ही प्रबळ शर्यतीची गाडी त्या स्पर्धेबाहेर पडली. तांत्रिक बाजूची सूत्रे हाती घेऊन कंपनीत परतलेले एर्न्स्ट फुअरमान यांनी यापुढे ९११ वरच शर्यतीची गाडी उभी करायचे ठरवले. ग्रुप ४ या वर्गात उतरायचे तर रस्त्यावर चालणाऱ्या त्याच प्रकारच्या ५०० गाड्या बनवून विकणे आवश्यक होते आणि शर्यतीच्या गाडीला जे अंग हवे ते आधी रस्त्यावरच्या गाडीला असावे लागे. या एका अटीमुळे झाकणाचा प्रश्न शर्यतीच्या कार्यशाळेतून थेट ग्राहकाच्या दारात आला.

अभियंत्यांपुढची अडचण इथे नीट समजून घ्यायला हवी. छताची रेषा बदलायची तर पत्रा दाबणारे साचे बदलावे लागतात, आणि ५०० गाड्यांसाठी कोणतीही कंपनी तसे करणार नाही. मागच्या काचेचा कोन बदलता येत नव्हता, चाकांवरच्या पत्र्यांना थोडे फुगवण्यापलीकडे हात लावता येत नव्हता. ज्या जागी हवा गाडीला सोडून जाते नेमक्या त्याच जागी बोल्टवर बसणारा, कुणालाही काढता-घालता येणारा एकच मोठा भाग होता, आणि तो म्हणजे इंजिनावरचे झाकण. सुट्या भागावर उपाय शोधणे हा इथे आळस नव्हता. मला तर या संपूर्ण प्रकरणातला तो सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो.

पत्रे, सळया आणि एक जुनी गाडी

हे काम प्रामुख्याने तिघांचे होते. टिलमन ब्रॉडबेक आणि हर्मन बुर्स्ट हे अभियंते, तर रोल्फ वीनर हे आकारकलेच्या विभागातले. ब्रॉडबेक १९७० मध्ये पोर्शेत आले होते आणि ९११ एस या मॉडेलच्या पुढच्या बंपरखाली जो हनुवटीसारखा काठ १९७२ च्या मॉडेलपासून दिसू लागला, त्या कामाशीही त्यांचा संबंध होता. मागच्या काठाची कल्पना सुचताना त्यांना एका साध्या, मागे इंजिन असलेल्या इटालियन गाडीची आठवण झाली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. ती गाडी म्हणजे फियाट ८५० कूपे. तिच्या सुधारित आवृत्तीत मागच्या टोकाला एक लहानसा उठाव दिलेला होता आणि इंजिनाच्या ताकदीत झालेल्या वाढीच्या मानाने तिचा कमाल वेग जास्तच वाढला होता. मुंबईच्या टॅक्सीमुळे फियाट हे नाव मराठी वाचकाला घरचे वाटते. पोर्शेच्या सर्वांत प्रसिद्ध झाकणामागे त्याच कंपनीच्या एका छोट्या गाडीची आठवण असावी, हा योगायोग मला मौजेचा वाटतो.

कामाची पद्धत थेट हाताने करून पाहण्याची होती. एका जुन्या ९११ च्या झाकणावर पत्र्याचे तुकडे आणि सळया जोडून काठ उभा करायचा, विंड टनेलमध्ये, म्हणजे गाडीवर जोराचा वारा सोडणाऱ्या चाचणीच्या बोगद्यात, माप घ्यायचे, काठ थोडा वाढवायचा किंवा त्याचा कोन बदलायचा आणि पुन्हा माप घ्यायचे. मग वाइसाख इथल्या कंपनीच्या चाचणी मार्गावर गाडी प्रत्यक्ष चालवून चालकाचा अनुभव त्या मापांशी जुळतो का, हे तपासायचे. पत्र्याच्या त्या ओबडधोबड आकाराला कारखान्यात साच्यातून काढता येईल आणि गाडीवर शोभेल असे रूप देण्याचे काम वीनर यांच्या वाट्याला आले. ५ ऑगस्ट १९७२ रोजी या झाकणाचा पेटंट अर्ज जर्मन पेटंट कार्यालयात २२३८७०४ या क्रमांकाखाली दाखल झाला आणि शोधकर्ते म्हणून याच तिघांची नावे लागली. दोन महिन्यांनी, ५ ऑक्टोबर १९७२ रोजी, पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात गाडी लोकांसमोर उभी होती.

काठ नेमके काय करतो

उतारावरून सरकत आलेली हवा झाकणाच्या टोकाशी या उभ्या काठाला सामोरी जाते. तिथे तिचा वेग मंदावतो आणि वेग मंदावला की दाब वाढतो. म्हणजे ज्या झाकणावर आधी कमी दाबाची ओढ होती, त्याच झाकणावर आता तुलनेने जास्त दाब बसतो आणि मागच्या चाकांवरची उचल घटते. काठाच्या धारेवर हवा एकदम आणि स्वच्छपणे सुटते. गोलाईवरून घरंगळत, कधी इथून तर कधी तिथून सुटत नाही. यातली अनपेक्षित गोष्ट पुढे आहे. हवेच्या वाटेत अडथळा उभा केला की गाडीला मागे ओढणारा हवेचा रोध वाढणारच, असे सामान्य समज सांगतो आणि बहुतेक पंखांच्या बाबतीत ते खरेही असते. इथे मात्र झाकण मागे उतरते असल्यामुळे त्यावर वाढलेला दाब गाडीला खाली दाबण्याबरोबरच किंचित पुढेही ढकलतो. त्यामुळे काठ योग्य उंचीचा असेपर्यंत रोध वाढत तर नाहीच, उलट थोडा घटतो. पोर्शेने दिलेल्या माहितीनुसार या झाकणामुळे गाडीचा कमाल वेग ताशी साडेचार किलोमीटरने वाढला. काठ त्याहून उंच करत गेले तर उचल आणखी कमी होईल, पण एका उंचीनंतर रोध वाढू लागेल. ती उंची शोधून तिथेच थांबणे हा या फेरफाराचा गाभा होता.

उचलीचे आकडे बोलके आहेत. ताशी २४५ किलोमीटर वेगाला साध्या झाकणाच्या गाडीत मागच्या चाकांवरची उचल सुमारे १४५ किलो होती. बदकशेपटीने ती सुमारे ४२ किलोवर आणली. ही गाडी हजार किलोच्या आसपासची आणि तिच्या वजनाचा मोठा भाग मागे, हे लक्षात घेतले तरी मागच्या चाकांवरच्या भाराचा पाचव्या हिश्श्याहून अधिक भाग हवा काढून घेत होती आणि नव्या झाकणाने त्यातला बहुतांश परत मिळवून दिला. हे आकडे वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने खाली आणले, तर आजच्या हौशी मालकाच्या उपयोगाची एक गोष्ट हाती लागते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट पट्ट्यावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाला साध्या झाकणाची उचल सुमारे २४ किलो आणि बदकशेपटीची सुमारे ७ किलो येते. फरक १७ किलोचा. ताशी ८० वर हा फरक ११ किलोवर येतो, म्हणजे तांदळाची एक मध्यम गोणी मागे ठेवल्यासारखे. कायद्याच्या मर्यादेत गाडी चालवणाऱ्याने झाकण बदलून ‘गाडी रस्त्याला चिकटली’ असे सांगितले, तर त्यात हवेपेक्षा मनाचा भाग जास्त असतो.

झाकणाचे आणखी एक काम असे आहे की ते वरून कळत नाही. हवेने थंड होणाऱ्या या इंजिनाचा मोठा पंखा झाकणातल्या जाळीतूनच हवा ओढून घेतो. साध्या झाकणावर ही जाळी नेमकी कमी दाबाच्या पट्ट्यात येते, म्हणजे पंख्याला हवा स्वतःकडे अक्षरशः हिसकावून घ्यावी लागते. काठामुळे जाळीवरचा दाब वाढतो आणि हवा आत जायला मदत होते. म्हणजे हे एक झाकण आच्छादनाचे, श्वासमार्गाचे आणि हवेला वळण लावण्याचे काम एकाच वेळी करत होते. झाकणावर नवे काही बसवताना ही जाळी झाकली गेली किंवा तिच्यासमोर चुकीच्या जागी अडथळा आला, तर वेगाचा प्रश्न राहिला बाजूला, आधी इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढतो.

जोडीने केलेले बदल

बदकशेपटीची एकट्याने कीर्ती झाली, पण ती एकटी आलेली नव्हती. पुढच्या बंपरखाली हवा अडवणारा काठ होता आणि पुढे-मागे दोन्हीकडे असे हवेला वळण लावणारे काठ, म्हणजे स्पॉयलर, असलेली ही पहिलीच कारखान्यातली गाडी, असे पोर्शे आजही सांगते. यामागचे कारण तोलाचे आहे. समजा, पुढचा काठ न लावता केवळ मागचे झाकण बदलले, तर मागची चाके घट्ट होतील आणि पुढची पूर्वीइतकीच हलकी राहतील. अशी गाडी वेगात वळणावर आत वळायला नकार देईल. मागून सुटणाऱ्या गाडीला घाबरणारा मालक पुढून सरळ जाणारी गाडी विकत घेईल, एवढाच त्याचा अर्थ. पोर्शेने चाकेही त्याच हिशेबाने निवडली. पुढे ६ इंच रुंदीच्या रिमवर १८५ मिलिमीटरचे टायर आणि मागे ७ इंचांवर २१५ मिलिमीटरचे टायर होते, आणि ते सामावून घेण्यासाठी मागच्या चाकांवरचे पत्रे रुंद केले होते. पुढे-मागे वेगवेगळ्या मापाची चाके असलेली ही जर्मनीतली पहिली कारखानी गाडी ठरली.

इंजिन २६८७ घनसेंटीमीटरचे आणि २१० अश्वशक्तीचे होते. पातळ पत्रा, पातळ काचा आणि आतल्या सामानाला दिलेली रजा यांमुळे ‘स्पोर्ट’ प्रकारातल्या गाडीचे वजन ९६० किलो भरले, तर गालिचे आणि चांगल्या आसनांसह येणारी ‘टुरिंग’ १०७५ किलोची होती. झाकण फायबरग्लासचे असल्यामुळे वाढीव आकार देऊनही गाडीच्या मागच्या टोकावर वजन चढले नाही. मागे इंजिन असलेल्या गाडीत हा मुद्दा किरकोळ नाही, कारण टोकावरचा प्रत्येक किलो पुन्हा त्या जुन्या लंबकाला जाऊन मिळतो.

विक्री विभागाची धास्ती

कारखान्यातल्या विक्री विभागाला हे झाकण आवडले नव्हते. नितळ उताराची गाडी विकण्याची सवय असलेल्या माणसांना त्या उताराच्या टोकाला आलेला हा उंचवटा विद्रूप वाटला आणि नियमापुरत्या ५०० गाड्या तरी खपतील का, अशी शंका त्यांनी घेतली. गाडीची किंमत ३४,००० जर्मन मार्क होती. पॅरिसच्या प्रदर्शनानंतर दोन महिने व्हायच्या आतच ५०० गाड्यांची विक्री झाली आणि शेवटी एकूण १५८० गाड्या बनल्या. त्यांत टुरिंग १३०८, स्पोर्ट २००, शर्यतीच्या आरएसआर ५५ आणि नियमातल्या वजनाची पूर्तता करण्यासाठी काढलेल्या अगदी उघड्या-बोडक्या १७ गाड्या होत्या. गाड्यांच्या दिसण्याबद्दल विक्रेत्यांचे अंदाज चुकणे ही नवी गोष्ट नाही. या खेपेस मात्र ज्या भागाची त्यांना लाज वाटत होती, त्याच भागावरून गाडी ओळखली जाऊ लागली.

शर्यतींचे निकाल थोडक्यात सांगून पुढे जातो. फेब्रुवारी १९७३ मध्ये पीटर ग्रेग आणि हर्ली हेवूड यांनी डेटोनाची २४ तासांची शर्यत आरएसआरवर जिंकली. मे महिन्यात सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ शर्यत खाइस फान लेनेप आणि हर्बर्ट म्युलर यांनी जिंकली, आणि जागतिक अजिंक्यपदात धरली गेलेली ती शेवटची टार्गा फ्लोरिओ होती. त्याच वर्षी फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत कारखान्याची आरएसआर एकूण चौथी आली. झाकणाच्या दृष्टीने ल मान्सची गाडी अधिक लक्षवेधी आहे. ती प्रोटोटाइप वर्गात धावली, त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीइतकेच झाकण ठेवण्याचे बंधन तिच्यावर नव्हते. अभियंत्यांनी मग बदकशेपटीचा काठ झाकणापुरता न ठेवता दोन्ही बाजूंच्या पत्र्यांवरून रुंद पसरवला. स्कॉटलंडची राणी मेरी स्टुअर्ट हिच्या चित्रांत मानेभोवती उभी कॉलर दिसते, तिच्यावरून लोकांनी त्या शेपटीला तिचे नाव दिले. झाकणाच्या रुंदीत अडकलेला काठ हा नियमांशी केलेला समझोता होता आणि नियम सुटताच काठ झाकणाबाहेर गेला, हे यातून दिसते.

कायद्याची हरकत

जर्मनीतच या झाकणाला पुढे अडचण आली. मागे उभ्या असलेल्या टणक, धारदार काठामुळे पादचाऱ्याला किंवा सायकलस्वाराला इजा होऊ शकते, अशी वाहन तपासणीच्या यंत्रणेची हरकत होती. १९७४ च्या कारेरावर अमेरिकेसारख्या बाजारात बदकशेपटी मिळत राहिली, पण जर्मनीत तिच्या जागी आडवा, रुंद आणि मऊ रबरी काठाचा स्पॉयलर पुढे आला. व्हेलच्या शेपटीचे नाव मिळालेला हा आकार पुढे ९११ टर्बोची खूण बनला. त्याच सुमारास म्युनिकच्या बीएमडब्ल्यूने याच प्रकारच्या अडचणीतून काढलेली वाट गमतीदार होती. त्यांच्या ३.० सीएसएल कूपेचा मोठा मागचा पंख जर्मन रस्त्यांवर चालत नव्हता, म्हणून कारखान्याने तो डिकीवर न बसवता डिकीत ठेवून ग्राहकाच्या ताब्यात दिला. बसवायचा की नाही, हे ग्राहकाने ठरवायचे.

पोर्शेला स्वतःच्या झाकणाचे पूर्ण समाधानकारक उत्तर मिळायला १९८९ साल उजाडले. त्या वर्षीच्या, ९११ च्या ९६४ या पिढीत झाकणातला काठ एरवी सपाट मिटलेला राहतो आणि ताशी ८० किलोमीटरच्या पुढे आपोआप वर येतो. उभ्या गाडीची रेषा १९६३ सारखी नितळ आणि धावत्या गाडीला १९७२ चा फायदा, अशी ती तडजोड होती. तरीही २००९ मध्ये ‘स्पोर्ट क्लासिक’ या नावाने २५० गाड्यांची आवृत्ती काढताना कंपनीने यंत्रणा बाजूला ठेवून स्थिर बदकशेपटीच बसवली. तेव्हा कारण हवेचे कमी आणि आठवणीचे जास्त होते, हे उघड आहे.

आज असे झाकण करून घेताना

जुन्या ९११ साठी बदकशेपटीची फायबर झाकणे आज जगभर तयार मिळतात आणि १९७० च्या दशकातल्या कित्येक साध्या गाड्या ती घालून फिरतात. यात गैर काही नाही, मात्र मूळ फेरफाराशी त्याची तुलना करताना तीन-चार ठिकाणी नजर ठेवावी लागते. पहिली गोष्ट म्हणजे पुढच्या काठाची जोड. तिचे कारण वर आलेच आहे. दुसरी गोष्ट वजनाची. हलके झाकण बसवले की ते तोलून धरणाऱ्या दांड्याचा जोर जास्त होतो आणि कुलूप सोडताच झाकण झटक्याने वर उडते, बिजागऱ्यांपाशी फायबरला चिरा पडतात. उलट पोलादी झाकणावरच जाड काठ चढवला तर तोच दांडा झाकणाला पेलत नाही आणि इंजिनात वाकलेल्या माणसाच्या पाठीवर ते येते. दांडा झाकणाच्या वजनाप्रमाणे बदलायला हवा, हे साधे काम बऱ्याचदा विसरले जाते. फायबरचे पातळ झाकण वेगात थरथरू नये म्हणून आतून चौकटही लागते. काठ दाबतो तो झाकणाला. झाकण तो दाब बिजागऱ्या आणि कुलपामार्फत गाडीच्या सांगाड्याला देते, आणि मधली ही वाट कमकुवत असेल तर झाकणच वाकते, चाकांपर्यंत काही पोहोचत नाही.

मूळ झाकण कापू नये, हे माझे ठाम मत आहे. ते बोल्टवर सुटते. उतरवून, गुंडाळून, कोरड्या जागी ठेवावे आणि नवे झाकण त्याच्या जागी लावावे. जुन्या गाड्यांच्या बाजारात मूळ भागांना जो मान आहे तो पाहता कापलेले झाकण हे परत न येणारे नुकसान असते. भारतात याला कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलापासून वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचले. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या मोटारीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते, पण तिथेही गाडीच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे. पुण्या-मुंबईकडच्या जुन्या गाड्यांच्या मालकांनी झाकणाला हात लावण्यापूर्वी आरटीओत चौकशी केलेली बरी, आणि उतरवता येणारा बदल हा अशा वेळी नेहमीच सोयीचा पडतो.

९११ सारखा लांब उतार नसलेल्या, म्हणजे काच संपल्यावर सपाट डिकी सुरू होणाऱ्या जुन्या कूपेवर बदकशेपटीची नक्कल करायची असेल, तर प्रश्न आणखी वेगळा होतो. तिथे हवा काचेच्या वरच्या कडेलाच गाडीला सोडून गेलेली असू शकते आणि डिकीच्या टोकाला लावलेला बुटका काठ मेलेल्या हवेत उभा राहतो. हे तपासायला विंड टनेल लागत नाही. लोकरीचे वीतभर धागे काचेवर आणि डिकीवर ओळीने चिकटपट्टीने लावावेत, बंदिस्त मार्गावर एकाने गाडी चालवावी आणि दुसऱ्याने शेजारच्या गाडीतून छायाचित्रे घ्यावीत. धागे मागच्या दिशेने शांत पडलेले दिसले तर हवा अजून पत्र्याला धरून आहे आणि काठाला करायला काम आहे. ते गोल फिरताना, उलटे वळून पुढच्या दिशेने झेपावताना दिसले, तर तेवढ्या भागात हवेने गाडी आधीच सोडलेली आहे. मग पुठ्ठ्याचा काठ चिकटवून त्याची उंची बोटभर, मग दोन बोटे वाढवत तीच चाचणी पुन्हा घ्यावी. फायबरच्या साच्याचा खर्च त्यानंतर करावा.